माह्या हातातच टावर येत नाई

गेल्या कापसाच्या हंगामात मोठीमाय, माझी थोरली काकू, एक वाक्य बोलून गेली आणि ते अजून माझ्या मनातून निघत नाही. यवतमाळ जिल्ह्यात झरी-जामणी तालुक्यातलं आमचं गाव. ओसरीत वेचणीचा कापूस छातीएवढा रचलेला, सरकीचा तो कोरडा, नाकात बसणारा वास घरभर पसरलेला. हमीभावानं विकायचा तर आता आधी मोबाईलवर नोंदणी, मग ओटीपी, मग केंद्रावर गाडी लावायची तारीख. लांब धाग्याला ८,११० रुपये क्विंटल भाव जाहीर झालेला, व्यापारी त्याच्या बराच खाली मागत होता, त्यामुळे नोंदणी सोडून चालणार नव्हतं. मोठेबाबा गेल्यापासून सातबारा मोठीमायच्या नावावर आहे, म्हणजे ओटीपी तिच्याच नंबरवर येणार. तिचा फोन घरातला सगळ्यात महाग. तिच्या धाकट्या मुलानं अमेरिकेतून येताना तिच्यासाठी आणलेला, ती तो पदरानं पुसून मगच हातात घेते. त्या फोनवर टावरची एक रेघ येईना. शेजारी भिंतीला टेकून बसलेल्या वहिनीच्या कडा उडालेल्या साध्या फोनवर मात्र रेघा भरलेल्या. दोघींचे नंबर एकाच कंपनीचे. मोठीमाय अंगणात गेली, तुळशीजवळ उभी राहिली, फोन वर धरला, खाली धरला, मग परत येऊन खाटेवर बसली आणि म्हणाली, "माह्या हातातच टावर येत नाई, माय."

पुतण्यानं सिम काढून वहिनीच्या फोनात घातलं. पाच-दहा सेकंदांत ओटीपी आला, नोंदणी झाली, सगळे उठून आपापल्या कामाला लागले. मोठीमायनं आपला फोन पुसला आणि त्याच्या मूळ खोक्यात घालून कपाटात ठेवला. सिम तेच, जागा तीच, टावर तोच, फक्त फोन बदलला आणि काम झालं, हे तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी तिचं म्हणणं बदललं नाही. "पोरानं एवढा महागाचा आणला, मलेच वापरता येत नाई."

मला हे सहन होईना.

आमच्या भागात टावर येणाऱ्या जागा असतात. ज्यानं हा भाग पाहिला नाही त्याला हे सांगून कळायचं नाही. एका घराची ती जागा गोठ्याच्या आढ्याखाली असते, तिथं खिळा ठोकून फोन टांगलेला असतो आणि वाजला की माणूस शेणाच्या पाट्या ओलांडून धावतो. कुणाची जागा शाळेच्या मागच्या पायरीवर. आमच्या वावरात ती धुऱ्यावरच्या मोहाखाली आहे, तेही पूर्वेकडे तोंड करून. मोहफुलं पडायच्या दिवसांत पहाटे फुलं वेचायला गेलेल्या बाया तिथंच उभ्या राहून माहेरी बोलून घेतात, पायाखाली फुलं चिरडतात आणि त्यांचा गोड, आंबूस वास बोलण्यात मिसळतो. आणखी एक गोष्ट इथल्या म्हाताऱ्यांनाही ठाऊक आहे: उन्हाळ्यात टावर बरा येतो, पावसाळ्यात जातो. सागवान चैत्रात उघडा असतो तेव्हा टेकडीपलीकडून लहर येते. श्रावणात तोच सागवान सुपाएवढी ओली पानं घेऊन उभा राहिला की ती अडते. ओलं पान रेडिओ लहर शोषून घेतं, यात नवल नाही. पण हे ज्ञान आमच्या लोकांनी पुस्तकातून नाही, हात वर करून मिळवलंय. आणि म्हणूनच रेघ आली नाही की ते आधी स्वतःची जागा बदलून बघतात, फोनवर संशय घेत नाहीत. वर्षानुवर्षं चूक जागेचीच निघालेली असते.

फोन घेऊन मी पांढरकवड्याला गेले. बसस्टँडजवळ एका पानठेल्याला लागून मोबाईल रिपेरिंगचं लहानसं दुकान आहे. चालवणारा मुलगा आमच्याच बाजूचा, आयटीआय झालेला, बोलायला कमी. भिंगाचा दिवा, सोल्डरचा धूर, काउंटरवर उघड्या पडलेल्या फोनांच्या हिरव्या पट्ट्या. त्यानं फोन घेतला, मॉडेलचा पुरा नंबर पाहिला आणि लगेच म्हणाला, "ताई, हा बाहेरचा हाय. ह्याच्यात अठ्ठावीस बंद हाय." अठ्ठावीस म्हणजे बँड २८, लहरींचा एक ठरलेला पट्टा, म्हणजे ७०० मेगाहर्ट्झच्या आसपासची लहर. आमच्या गावच्या डोंगराकडेला सरकारी कंपनीचा, बीएसएनएलचा, जो नवा टावर उभा राहिलाय, तो गावाला ह्याच लहरीवर ४जी देतो. टावर लागला तेव्हा गावातल्या बहुतेकांनी आपले नंबर तिकडे वळवले, मोठीमायनंही. मी विचारलं, म्हणजे फोनात ती सोयच नाही का? तो म्हणाला, काही फोनांत नसतेच. प्रत्येक पट्ट्यासाठी आत बारीक गाळणी लागते, ती बसवली नसेल तर कुणाच्या बापाला काही करता येत नाही. "पण ह्याच्यात हाय. हाच बोर्ड दुसऱ्या देशात अठ्ठावीस पकडते. ह्याच्या फाईलीत नाई लिवलं, एवढंच."

एवढंच, असं तो म्हणाला. मी तिथं स्टुलावर बसून राहिले.

फोनच्या आत रेडिओचा वेगळा भाग असतो, मॉडेम. त्याचं स्वतःचं सॉफ्टवेअर असतं आणि त्यात कोणत्या देशात, कोणत्या कंपनीच्या सिमवर, कोणते पट्टे ऐकायचे याची यादी असते. कंपनी एकच फोन दहा देशांसाठी बनवते आणि प्रत्येक देशासाठी ही यादी बदलते. यादीत नाव नसलेल्या मतदारासारखं होतं मग त्या टावरचं: माणूस केंद्रावर समोर उभा आहे, कर्मचारी त्याला ओळखतोही, पण मतदान करता येत नाही. मोठीमायच्या फोनच्या अँटेनावर आमच्या गावची लहर दिवसरात्र आदळत होती. ७०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातली ती लहर साधारण ४० सेंटीमीटर लांब, माझ्या हातापेक्षा थोडी कमी. ती सागवानातून आली, टिनावरून वळली, मातीच्या भिंतीतून आत शिरली, मोठीमायच्या हातापर्यंत पोचली, आणि तिथं फोननं ती शोधलीच नाही.

तो मुलगा यादी बदलून देऊ शकला असता का? मी विचारलंच. त्यानं मान हलवली. मॉडेमच्या त्या कप्प्यात हात घातला आणि काही बिघडलं तर फोनचा आयएमईआय, म्हणजे त्याचा ओळख क्रमांक, उडतो, मग फोन कुठल्याच टावरवर चालत नाही. आणि आयएमईआयशी छेडछाड हा आपल्याकडे गुन्हा आहे, २०१७च्या नियमांपासून तर अगदी स्पष्टपणे. शिवाय सॉफ्टवेअरचं कुलूप उघडलेल्या फोनवर बँकेची ॲप बऱ्याचदा चालत नाहीत. "मायचे पैसे त्याच्यावरच येते ना?" असं त्यानं विचारलं. त्याला येत असूनही त्यानं केलं नाही, आणि मला त्याचं पटलं.

परतीच्या बसमध्ये मला बाबांचा रेडिओ आठवत राहिला. लाकडी पेटीचा, पुढं कापड लावलेला, काचेवर गावांची नावं लिहिलेला. त्याचा परवाना पोस्टातून काढावा लागे, लहानसं पुस्तक असे आणि त्यावर दरवर्षी शिक्का. ते पुस्तक बाबांनी शेतसाऱ्याच्या पावत्यांबरोबर पत्र्याच्या पेटीत जपलं होतं. म्हणजे सरकारला रेडिओ कुणाकडे आहे हे माहीत असायचं. पण एकदा परवाना काढला की त्या पेटीला काही बंद नव्हतं. मिडीयम वेव्हवर नागपूर केंद्र, कामगारांसाठी आणि शेतकऱ्यांसाठीचे कार्यक्रम, आणि रात्री बटण शॉर्टवेव्हकडे फिरवलं की सिलोन, कुठली तरी अरबी गाणी, मध्येच रशियन वाटणारा माणूस, सगळं खरखरत, वर-खाली होत घरात येई. बाबा बटण केसाएवढं फिरवायचे. मला त्या शिट्ट्या आवडायच्या, दोन स्टेशनांच्या मधल्या. त्या पेटीला आपण भारतात आहोत की ब्राझीलमध्ये हे माहीत नव्हतं आणि त्याची गरजही नव्हती.

अर्थात रेडिओ फक्त ऐकतो. फोन बोलतोही, आणि तिथं नियम लागतो. हे मी मान्य करते, मनापासून करते. प्रत्येक फोन हा छोटा प्रक्षेपक आहे. ज्या देशात जो पट्टा दुसऱ्याच कामाला दिलेला असेल, तिथं फोननं त्यावर बोलू नये हे बरोबर आहे. काही देशांत विमानतळांजवळची हवामान रडारं वायफायच्या ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातच काम करतात. तिथं राउटरनं आधी कान देऊन रडार आहे का ते पाहायचं आणि असेल तर गप्प बसायचं, असा नियमच आहे. वादळाची खबर देणाऱ्या यंत्राच्या कानात कुणी ओरडू नये. अशा बंधनाविरुद्ध माझी काही तक्रार नाही.

पण लहरींची वाटणी माणसानं केलेली आहे आणि ती आमच्या भागात फार जवळून दिसते. मोबाईल सेवेसाठी देशाचे विभाग पाडलेत, त्यांना सर्कल म्हणतात. पैनगंगेच्या अलीकडे महाराष्ट्र सर्कल, पलीकडे तेलंगणा, तेही लहरींच्या वाटणीच्या कागदांत अजून आंध्र प्रदेश सर्कलमध्येच. नदीकाठच्या वावरात कापूस वेचता वेचता फोन पलीकडचा टावर धरतो आणि तेलुगूत संदेश येतो. पूर्वी अशा वेळी रोमिंगचे पैसे कटायचे, लोक नदीकडच्या ओळींत फोन बंद ठेवायचे. लहरीला नदी दिसत नाही. फोन मात्र प्रत्येक क्षणी आपण कुणाच्या हद्दीत आहोत हे विचारत असतो: टावर स्वतःचा देश-क्रमांक सतत सांगत राहतो, भारताचा ४०४ किंवा ४०५, आणि फोन त्यावरून आपली यादी निवडतो.

ह्यातला एक पेच मला नंतर कळला. आमच्या ग्रामपंचायतीत वायफाय आहे. मोठीमायच्या फोनला तेही कधी दिसायचं, कधी नाही, आणि तिनं त्याचाही दोष स्वतःला दिला होता. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात आपल्याकडे १३ चॅनल वापरतात, अमेरिकेत ११. राउटर मोकळी जागा बघून कधी बाराव्या-तेराव्या चॅनलवर सरकतो. अमेरिकेच्या यादीवर अडलेल्या फोनला तेव्हा वायफाय दिसतच नाही. आणि बरेच फोन आपण कोणत्या देशात आहोत हे टावरकडूनच शिकतात. ज्या टावरकडून शिकायचं, तोच ह्याला ऐकू येत नव्हता. ओसरीतल्या कापसाशेजारी बसून तो फोन बहुधा अजून अमेरिकेतच होता.

७०० मेगाहर्ट्झची आपल्याकडची हकिगत तर ऐकण्यासारखी आहे. लहर जितकी कमी वारंवारतेची तितकी ती लांब जाते आणि भिंतीझाडांतून आत येते. शहरातल्या ५जीची मुख्य लहर ३,३०० मेगाहर्ट्झच्या वरची, जेमतेम नऊ सेंटीमीटरची. ती गर्दीत खूप डेटा वाहते, पण सागवानाच्या जंगलात दमते. खेड्याला हवी ती ७००ची. आणि हीच लहर २०१६च्या लिलावात कुणी घेतली नाही, २०२१मध्येही नाही. राखीव किंमत, म्हणजे लिलावातली किमान बोली, आधी देशभरासाठी दर मेगाहर्ट्झला ११,४८५ कोटी रुपये, मग ६,५६८ कोटी. २०२२मध्ये ती ३,९२७ कोटींवर आली तेव्हा एकाच खासगी कंपनीनं, जिओनं, ती बावीसही सर्कलमध्ये घेतली. सरकारी कंपनीला २०२३च्या पॅकेजमधून तिचा वाटा मिळाला. म्हणजे आमच्या डोंगरावरून जाऊ शकणारी सगळ्यात चांगली लहर इतकी वर्षं रिकामी पडून होती, आणि आम्ही मोहाखाली पूर्वेकडे तोंड करून उभे होतो. त्या वर्षांत माझ्या ओळखीच्या एका बाळंतिणीसाठी रात्री १०८ ला फोन लावायला तिचा दीर सायकलनं टेकडीवर गेला होता. ती नीट बाळंत झाली. पण त्या टेकडीचा चढ मला माहीत आहे.

आता लहर आली, टावर आला, वीज आहे तोवर चालतोही. सरकारनं पट्टा उघडला, पैसे खर्च केले, कामगारांनी लोखंड डोंगरावर चढवलं. अशा वेळी एखाद्या फोननं केवळ यादीत लिहिलं नाही म्हणून तो पट्टा ऐकायचा नाही, ह्याला मी रडारच्या नियमाच्या रांगेत कशी बसवू? इथं कुणाच्या कामात व्यत्यय येत नाही. उलट ज्याला बोलायचा हक्क आहे त्यालाच गप्प बसवलंय. कंपन्यांची बाजू मी वाचली आहे. प्रत्येक देशात प्रत्येक पट्ट्याची चाचणी करावी लागते, मोबाईल कंपनीबरोबर जुळवून घ्यावं लागतं, प्रमाणपत्रं लागतात, त्याला पैसे आणि वेळ लागतो. खरं असेल. पण हे काम मनात आणलं तर होतं, हेही आपण पाहिलंय. १ ऑक्टोबर २०२२ला देशात ५जी सुरू झालं तेव्हा ५जी म्हणून विकलेले कितीतरी फोन लोकांच्या खिशात असूनही त्यावर ५जी चालत नव्हतं. ॲपलचे २०२०पासूनचे ५जी आयफोनही त्यात होते. सरकारनं कंपन्यांना बोलावून विचारलं, आणि डिसेंबरात एक अपडेट आलं, आयओएस १६.२. लोक रात्री झोपले, सकाळी त्याच फोनवर ५जी होतं. फोनातली एक तार कुणी बदलली नव्हती. तो शहरातल्या, महागड्या फोनवाल्यांचा प्रश्न होता म्हणून सगळीकडे बातम्या आल्या. अडीच महिन्यांत सुटला याचा मला आनंदच आहे. फक्त झरी-जामणीतल्या एका फोनातला अठ्ठावीस नंबर उघडायला कोण कुणाला बोलावणार?

आणि ही गोष्ट फक्त घरच्यांनी परदेशातून आणलेल्या फोनची नाही. टाटानगरला कामाला जाणारा, पुण्याला बांधकामावर जाणारा, कुणाकडून जुना फोन घेऊन येतो. नागपूरच्या सीताबर्डीत स्वस्तात मिळतो म्हणून 'इम्पोर्टेड' फोन घेतला जातो. तो शहरात चालतो, कारण तिथं १८०० आहे, २३०० आहे, यादीतलं काही ना काही सापडतं. गावात आल्यावर मरतो. ज्याच्याकडे एकच टावर आहे, त्यालाच यादीतल्या एका गाळलेल्या आकड्याची पूर्ण किंमत मोजावी लागते. शहरात तोच गाळलेला आकडा कुणाच्या ध्यानातही येत नाही. म्हणून ह्याची तक्रार होत नाही. ज्यांना तक्रार कशी करायची ते माहीत आहे त्यांना त्रास नाही, आणि ज्यांना त्रास आहे ते म्हणतात आमच्या गावातच टावर नाही, आमचीच जागा वाईट, माझ्याच हातात येत नाही.

मोठीमाय निरक्षर नाही. चौथी शिकली, हिशेब तोंडी करते, अडत्याचा काटा नजरेनं पकडते. बियाणं बोगस निघालं तर ती पाकीट घेऊन तालुक्याला गेलेली बाई आहे. पाकिटावर लॉट नंबर असतो, उगवणीचा टक्का असतो, तारीख असते, म्हणून तिला भांडता येतं. फोनच्या खोक्यावर कॅमेऱ्याचे आकडे मोठ्या अक्षरांत असतात, बॅटरीचे असतात. हा फोन भारतात कोणत्या पट्ट्यांवर चालेल हे मात्र बहुतेक खोक्यांवर कुठं नसतं, असलंच तर संकेतस्थळाच्या तळाशी, मॉडेलच्या उपनंबरासह. भांडायला कागदच नाही, तर बाई दोष कुणाला देणार? तिनं हातातलं एकमेव माणूस पकडलं, स्वतःला.

मला कायदा करणाऱ्यांकडून फार मोठं काही नको. भारतात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक फोनच्या खोक्यावर चालणारे पट्टे ठळक छापा, मराठीत, हिंदीत, ज्या त्या भाषेत. देशात जो पट्टा जनतेसाठी उघडलाय आणि जो फोनच्या आत आहे, तो सॉफ्टवेअरनं बंद ठेवायचा असेल तर त्याचं कारण लेखी द्या. आणि कारण संपलं की अपडेटनं उघडा, जसं २०२२च्या डिसेंबरात उघडलं. पांढरकवड्याच्या त्या मुलानं आपल्या परीनं सुरुवात केली आहे. त्याच्या काउंटरच्या काचेला आतून वहीचा कागद चिकटवलाय, त्यावर निळ्या पेनानं लिहिलंय: ४जी साठी १, ३, ५, ८, २८, ४०, ४१ पाहून घ्या, ५जी साठी एन-२८, एन-७८. जुना फोन विकत घ्यायला आलेल्या प्रत्येकाला तो आधी गाव विचारतो, मग तिथला टावर कुणाचा ते विचारतो, मग फोन दाखवतो. एका गिऱ्हाइकाला त्यानं माझ्यासमोर महागाचा फोन नाकारून स्वस्तातला दिला.

ती यादी मी धाकट्याला पाठवली आणि त्यानं तिकडून कंपनीला पत्र लिहिलंय: मॉडेल नंबर, देश, पट्टा २८, कारण विचारलंय. उत्तर अजून आलेलं नाही. मोठीमायला मी हे सगळं तिच्या भाषेत सांगितलं, कापसाच्या ढिगाला टेकून, पहिल्यापासून. तिनं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग त्याईनं ते लिवलं काऊन नाई?" हा प्रश्न मी जसाच्या तसा धाकट्याच्या पुढच्या पत्रात घालायला सांगितलाय.